पाठ आली का?

"पाठ आली का?" सरांनी विचारलं.

सर दहा पावलांवर उभे होते, नजर समोरच्या निशाणावर. सुगंतीनं धनुष्याची दोरी हनुवटीखाली आणून टेकवली होती आणि तिच्या पाठीवर, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधे माझी दोन बोटं होती. ढगळ शर्टाच्या आत तिचा उजवा फरा हलला. तळ्याच्या पाण्याखालून मासा सरकावा तसा तो हळूच कण्याकडे सरकला.

"आली, सर."

"मंग सोड."

सत्तर मीटरवरच्या गवताच्या पेंढीत बाण थप्पकन रुतला. सरांनी दुर्बिणीला डोळासुद्धा लावला नाही. "नऊ," ते म्हणाले. "पाठ आली की ही पोरगी नवाच्या खाली उतरत नाई."

सुगंती धनुष्य खाली करून माझ्याकडे वळली. "तुह्या बोटायले गुदगुल्या होत नाईत काय व? मले तर लय होतात."

"गप बस. पुढचा बाण लाव."

बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या मैदानात आमचा सराव चालायचा. देवतळे सर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ आम्हांला धनुष्य. त्यांचं शिकवणं म्हणजे एकच गोष्ट शंभर तऱ्हांनी सांगणं. "हात म्हंजे नुसता आकडा. आकडा कधी ओढते काय? ओढते तो बैल, अन् बैल तुमच्या पाठीत हाय." कधी म्हणत, "दंडाचा स्नायू लबाड हाय पोरीहो. पहिले दहा बाण छाती फुगवून ओढते, मंग पळून जाते. पाठीचा स्नायू गरीब. बोलत नाई, दिसत नाई, पण सांजपर्यंत राबते."

दिसत नाही, म्हणूनच बोटं ठेवावी लागत. पहिल्या वर्षी सर स्वतःच ठेवायचे. एक दिवस स्कूटरवरून जाणाऱ्या माझ्या काकांनी ते पाहिलं. घरी येऊन त्यांनी असा काही गोंधळ घातला की दुसऱ्या दिवशी बाबा आणि काका हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन बसले. आत काय बोलणं झालं ते आम्हांला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा सर राखेसारखे दिसत होते. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याही मुलीला हात लावला नाही, मुलींच्या मागेसुद्धा कधी उभे राहिले नाहीत. मुलींनीच मुलींची पाठ पाहायची आणि जोडीदारीण सांगेल ते प्रमाण, असा त्यांनी कायदा केला. "आता बोटं माही नाईत, तुमची हायेत," ते म्हणाले होते. "मी त्यायच्या भरवशावर हावो."

घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती चुलीसाठी कपाशीच्या पळाट्या मोडता मोडता हसली आणि सहज म्हणून गेली,

मुखावरचा ग तीळ, आरशाला पुसू बाई
पाठीवरचा ग तीळ, तुला पुसते मी सई

सुगंतीला मी ही ओवी म्हणून दाखवली. तिला ती इतकी आवडली की बाणागणिक गुणगुणायला लागली. सर ओरडले, "भजन नंतर करजा!"

सुगंती कासदेकर मेळघाटातली, कोरकू आदिवासी. आमच्या गावच्या वसतिगृहात राहायची. ती जिल्ह्यात पहिली आली तेव्हा एक पेपरवाला वही घेऊन आला. "धनुष्यबाण तर तुमच्या रक्तातच असेल ना?" त्यानं विचारलं.

"नाई बाप्पा," सुगंती म्हणाली. "माहा बाप रोपवाटिकेत पिशव्या भरते. आजानं फार तर गुलेल मारली असन, थेही आंब्यावर."

तरी पेपरात रक्ताचंच छापून आलं. ती कात्रण घेऊन मैदानभर फिरली आणि ज्याला त्याला स्वतःचं मनगट दाखवून विचारत सुटली, "पाह्य रे, बाण दिसते काय आत?"

आम्ही दोघी बारावीला होतो. दसऱ्यानंतर क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी होती आणि मुलींसाठी जागा एक. निवड झालेल्या मुलीला राहणं, जेवण, कॉलेज, सगळं मिळणार होतं आणि पुढे नोकरीची वाटही सोपी होणार होती. सुगंतीचं वसतिगृह बारावीबरोबर संपत होतं. प्रबोधिनी मिळाली नाही तर तिला परत गावाकडे जावं लागणार होतं. माझ्यासाठी बाबांनी दर्यापूरकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलाचं खताबियाण्याचं दुकान होतं. मी त्याला एकदाच पाहिलं. चहाचा कप बशीत ठेवताना तो माझ्याकडे बघत होता, आपल्या दुकानातल्या मालाकडे बघावं तसा.

"नाव आलं तर जाय," बाबा म्हणाले. "मी आडवा येणार नाई. नाई आलं तर मार्गशीर्षात अक्षता. मंग रडाचं नाई."

मी वाईट नेमबाज नव्हते. पण सुगंतीच्या आणि माझ्या बेरजेत दर वेळी पंधरा-वीस गुणांचं अंतर असायचं, आणि ते काही केल्या भरून निघत नव्हतं. त्या मैदानावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या बाबांनाही. म्हणूनच ते इतक्या उदारपणानं बोलले होते.

चाचणीला वीस दिवस उरले असताना सुगंतीला हिवताप आला. आठ दिवस ती वसतिगृहात पडून होती. परत आली तेव्हा डोळे खोल गेले होते आणि गालांची हाडं वर आली होती. इकडे सरांनी तिच्यासाठी धनुष्याची नवी पाती मागवून लावली होती. ताण सहा पौंडांनी जास्त. बाण सपाट जाईल, वाऱ्यात हलणार नाही, हा त्यांचा हिशेब. ती आजारी पडेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"प्रणिते, आता तुह्यावर हाय. पोरगी तापातून उठली. ताण झेपते का नाई ते तिले स्वतःले समजणार नाई. ते जिद्दी हाय, दातानं ओढन. तुह्या बोटाले पाठ लागली नाई तर मले सांगजो. जुनी पाती लावू. जुन्यावरही ते पहिलीच येते."

"हो सर."

सुगंतीनं धनुष्य उचललं. मी बोटं ठेवली. तिनं दोरी ओढली, हनुवटीखाली आणली. समोरून पाहणाऱ्याला चित्रासारखं सगळं जागच्या जागी होतं, खांदा, मान, कोपर.

माझ्या बोटांखाली मात्र काहीच झालं नाही. फरा जागचा हलला नाही. दार लोटलेल्या घरासारखी तिची पाठ निपचित होती. सगळा भार दंडानं घेतला होता, खांद्याच्या सांध्यानं घेतला होता, आणि त्यांची बारीक थरथर कापडातून माझ्या बोटांपर्यंत येत होती.

"पाठ आली का?"

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला ‘नाई’च म्हणायचं होतं, तोंडून चुकून दुसरं निघालं. ते खरं नाही. त्या दोन क्षणांत मी नीट विचार केला होता. मला बशीत ठेवलेला कप दिसला होता.

"आली, सर."

"मंग सोड."

बाण दहाच्या रेघेला लागला. सरांनी मांडीवर थाप मारली. सुगंती मात्र वळून माझ्याकडे बघत राहिली.

"खरंच आली काय व?"

"आली ना."

"मले तर इथं चमकून रायलं." तिनं खांद्याच्या वाटीवर हात ठेवला. "पाठीत काहीच समजून नाई रायलं."

"ताण नवा हाय. चमकन दोन-चार दिवस."

"तू म्हणतं तर आली असन," ती म्हणाली आणि पुढचा बाण लावला.

बारा दिवस हे चाललं. सकाळी सत्तर बाण, संध्याकाळी सत्तर. दर बाणाला सर विचारायचे नाहीत, पण दर फेरीला विचारायचेच आणि मी दर फेरीला उत्तर द्यायचे. पहिल्या दिवशी जीभ जड झाली होती. तिसऱ्या दिवसापासून तीही सरावली. सरांच्या भाषेत सांगायचं तर मीही दंडानंच ओढत होते, आणि मला वाटत होतं की झेपतंय.

सातव्या दिवशी तिला शर्टात हात घालायला त्रास व्हायला लागला. वसतिगृहाच्या ओट्यावर बसून मी तिच्या खांद्याला बाम चोळून दिला. सुगंती डोळे मिटून बसली होती.

"या कुशीवर झोपता येत नाई व मले. सरले सांगू काय?"

मी चोळत राहिले. "सांग ना. पण चाचणी तोंडावर आली अन् आता दुखते म्हटलं, तर सरले वाटन पोरगी भ्याली."

"मी भेलेली नाई."

"मले माईत हाय. सरचं म्हणून रायली मी."

मग डोळे न उघडताच म्हणाली, "पाठ येऊन रायली ना पण? मंग होईन. पाठ असली का सारं होते. सर म्हणतात तसं."

"हो."

"पक्कं?"

"आता शपथ घेऊ काय?"

ती हसली. "नको. शपथ घेतली का माणूस खोटं बोलते."

चाचणीच्या दिवशी अमरावतीच्या मैदानावर वारा नव्हता. बहात्तर बाण, सहा-सहाच्या बारा फेऱ्या. तिथे बोटं ठेवायची मुभा नव्हती. आपापल्या रेघेवर आपण एकट्या. सुगंती माझ्या डावीकडे दोन मुली सोडून उभी होती.

निम्मे बाण झाले तेव्हा ती माझ्यापुढे अकरा गुणांनी होती. मधल्या सुट्टीत सरांनी तिला केळं दिलं. तिनं ते डाव्या हातानं धरून खाल्लं. उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्याचा असल्यासारखा.

नवव्या फेरीत तिनं दोरी ओढली, पण बाणाचं टोक धनुष्यावरच्या पत्र्याखालून निसटेना. पूर्ण ताण आला की तो पातळ पत्रा टिक् वाजतो आणि मग बाण सोडायचा, अशी सवय आम्हांला लावली होती. केसभर ओढ कमी पडत होती. तिनं धनुष्य खाली घेतलं, श्वास घेतला, परत ओढलं. पुन्हा तेच. वेळ संपत आली होती. तिसऱ्यांदा ओढताना तिचे दात मला दिसले. टिक् झालं, आणि त्याच्याबरोबर तिच्या तोंडून एक आवाज निघाला, मोठा नाही, भांडं आपटल्यावर त्याच्या आत जो उरतो तसा.

बाण पेंढीच्या पलीकडे गवतात गेला. धनुष्य तिच्या पायाशी पडलं होतं.

माझे तीन बाण बाकी होते. मी ते मारले. नऊ, नऊ, दहा. त्या दिवशी माझी पाठ जशी आली तशी आयुष्यात पुन्हा कधी आली नाही.

उरलेल्या तीन फेऱ्या सुगंती खुर्चीवर बसून होती. डॉक्टर म्हणाले, खांद्यातलं काहीतरी फाटलं असावं, फोटो काढून बघावा लागेल. निकाल लागला. माझं नाव पहिलं होतं. सरांनी माझं अभिनंदन केलं नाही. ते सुगंतीसमोर जाऊन उभे राहिले.

"बारा दिवस," ते म्हणाले. "बारा दिवस तुही पाठ बरोबर येत होती. ही पोरगी फेरीफेरीले सांगून रायली होती. अन् आज, जवा पायजे होतं तवा, तू हातानं ओढलं? काऊन? भेली?"

सुगंतीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती विचारेल. मी तयार होते. विचारलं असतं तर सांगितलंही असतं, असं मला अजून वाटतं. पण तिच्या नजरेत प्रश्न नव्हता. ती नुसती शरमलेली होती.

"चुकलं सर," ती म्हणाली. "मले समजलंच नाई कवा सुटली पाठ."

ती गावी गेली, मी प्रबोधिनीत. पुढचं फार सांगण्यासारखं नाही. दोन राष्ट्रीय पदकं मिळाली, मग नोकरी, मग स्वतःच्या पसंतीचं लग्न. मी प्रशिक्षक झाले. खांदे सांभाळा, दुखलं तर लपवू नका, हे मी इतक्या पोटतिडकीनं सांगते की मुली मला आई म्हणतात.

बावीस वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, एका शिबिरासाठी मी आमच्या जुन्या मैदानावर गेले. देवतळे सरांचेच विद्यार्थी आता तिथे शिकवतात. रांगेत दोन लहान मुली सराव करत होत्या. एकीच्या पाठीवर दुसरीची बोटं. तिसऱ्या बाणाला दुसरी ओरडली, "मॅडम, हिनं सुगंती केली!"

मी विचारलं, "काय केलं?"

"सुगंती. म्हंजे पाठ सोडली अन् हातानं ओढलं." मी अडाणी असल्यासारखं मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "आमचे सर सांगतात ना. सुगंती करायची नसते."

त्या मुलीच्या जन्माच्या आधीपासून तिथे हे चाललं होतं. देवतळे सरांनी प्रत्येक तुकडीला ती गोष्ट सांगितली होती, देवानं दिलेली पाठ असून ऐन वेळी घाबरलेल्या मुलीची. माणसाचं नाव झिजत झिजत एका चुकीचं नाव झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सुगंतीच्या गावी जायला मी धारणीची गाडी पकडली.

सुगंती अंगणवाडीत होती. मुलांना खिचडी वाढून झाली होती आणि ती डाव्या हातानं पातेलं घासत बसली होती. मला तिनं लगेच ओळखलं. "व माय! प्रणिता! केवढी जाडी झाली व!" तिनं मला पाटावर बसवलं, चहा टाकला, माझ्या मुलांची नावं विचारली. बोलता बोलता वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला तिनं स्टूल घेतलं. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

"मैदानावर गेलती काय?" तिनं विचारलं.

"गेलती."

"मंग ऐकलं असन." ती हसली. "माह्या भाचीले टाकलं होतं तिथं. आठच दिवसांत परत आली पोट्टी. म्हणे, मावशी, तिथं तुह्या नावाची चूक हाय. मी नाई राहत तिथं." तिनं चहा गाळला. "मी म्हटलं, हाय तर हाय बाप्पा. चूक केली तर नाव लागनच. भरल्या मैदानात भेली मी. मायही म्हणे, तुले दुखते का तू भेते? नवरा म्हणते, डोक्यात हाय तुह्या. पहिले पहिले मीही तसंच धरलं. पाठ येत होती तर मंग दुखाचं काऊन? डोक्यातच असन."

चहाचा पेला माझ्या हातात होता. तो खाली ठेवून मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. दर्यापूरचं स्थळ सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर सबब पुढे केल्यासारखं झालं असतं.

सुगंती ऐकत होती. चुलीत एक काटकी फुटली, ती तिनं आत सारली. मला वाटत होतं, ती प्रबोधिनीचं काहीतरी बोलेल, जागेचं बोलेल, शिवी देईल.

"म्हंजे," ती म्हणाली, "मले दुखत होतं ते खरं होतं?"

"हो."

"बाराही दिवस?"

"हो."

तिनं डाव्या हाताचा तळवा उजव्या खांद्यावर ठेवला, झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा, आणि तसाच ठेवून बसली. मग तिनं वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"सरले सांगितलं?"

"सर वारले, सुगंती. पाच वर्षं झाली."

"अन् माय माही मागच्या साली गेली." ती माझ्याकडे बघत राहिली, रागानंसुद्धा नाही. "मंग हे आता मी कोणाले सांगू व?"